दवंडी, फलक आणि दप्तर : शेतकऱ्यानें कोणतें चलच्चित्र निवडावें ?

माल पिकविणें ही एक विद्या आहे आणि पिकलेला माल योग्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पाडणें ही दुसरी विद्या आहे. पहिल्या विद्येंत आपल्या शेतकरी बंधूंस कोणी उपदेश करावा अशी स्थिति नाहीं. दुसरींत मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या दलालाच्या तोंडाकडे पाहत आलों आहों. सांप्रत घरोघरीं मोबाइल आल्यामुळें मालाचें हलतें चित्र काढून तें घरबसल्या जगास दाखविण्याची सोय झाली आहे. परंतु सोय झाली म्हणजे रीत कळली असें होत नाहीं. इन्स्टाग्रामची रील करावी, यूट्यूबचा शॉर्ट करावा, कीं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर चित्र ठेवून स्वस्थ बसावें, हा प्रश्न आतां पोरासोरांचा राहिलेला नसून घरच्या कर्त्या माणसाचा झाला आहे. कारण त्यांत ऐन सुगींतला वेळ खर्च होतो, आणि वेळ हेंही शेताचें भांडवलच आहे.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. चित्रें काढण्याची कला आम्हांस अवगत नाहीं. तथापि सरकारी हुकूम रयतेच्या कानीं कसा पडतो, तो किती दिवस टिकतो आणि दहा वर्षांनीं पाहूं गेल्यास कोठें सांपडतो, हें आम्हीं जन्मभर पाहिलें आहे. त्याच मापानें ह्या नव्या साधनांची मोजणी करून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मसाला गल्लींतील प्रश्न

निवृत्तीनंतर आमचें वास्तव्य मुंबईस लालबाग येथें आहे. लालबाग-परळचा हा भाग म्हणजे जुनें गिरणगांव. कोंकण, सातारा, सांगली, कोल्हापूर येथील शेतकऱ्यांचीं मुलें येथील गिरण्यांत कामास आलीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. परंतु जुनीं कुटुंबें पुष्कळ राहिलीं आणि त्यांच्या जिभेची चवही राहिली. ह्या चवीवरच येथील मसाला गल्ली उभी आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मुंबईच्या नाना भागांतून बायका येथें वर्षाची मिरची घेण्यास येतात आणि खडा मसाला निवडून, भाजून, डंखावर कुटून घेऊन जातात. ब्याडगी रंगासाठीं, संकेश्वरी किंवा गुंटूर तिखटासाठीं, असें प्रत्येक घरचें प्रमाण सासूकडून सुनेकडे आलेलें असतें.

अलीकडच्या हंगामांत येथें एक नवी चाल पाहण्यांत येते. गिऱ्हाईक दुकानापुढें उभें राहतें, मोबाइल पुढें करतें आणि म्हणतें, “दादा, ह्या रीलमध्यें आहे तशी मिरची द्या.” दुकानदार चित्राकडे एकवार पाहतो व विचारतो, “काकू, रंग हवा कीं तिखट हवें ?”

ह्या एका प्रश्नांत आमचा सगळा विषय आला आहे. त्या चित्रानें काकूंस दुकानापर्यंत आणलें. तें त्याचें काम झालें. परंतु मिरची कोणत्या वाणाची, कितव्या तोड्याची, अंगणांत वाळविलेली कीं शेतांत, देठासह कीं बिनदेठाची, तिच्यांत ओल किती, ह्यांपैकीं कांहींच त्यानें सांगितलें नाहीं. मोबाइलमध्यें रंग भडक करण्याची युक्ति असते, म्हणून रंगाचीही खात्री नाहीं. गिऱ्हाईक आणणें हें एक काम व गिऱ्हाइकाची खात्री पटविणें हें दुसरें काम. दोन्हीं एकाच साधनाकडून करून घेऊं जाणारा मनुष्य बहुधा दोहोंसही मुकतो.

चिमुकल्या चित्रांचा वंश

हीं छोटीं चित्रें कालपरवांचीं आहेत असा समज आहे. पण तिकडे थोडें मागें वळून पाहणें बोधप्रद होईल. दादासाहेब फाळके विलायतेहून यंत्र घेऊन १९१२ सालीं मुंबईस परतले, तेव्हां चित्रपटास भांडवल देण्यास कोणी धजेना. त्यांनीं काय केलें ? कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, आणि महिन्याहून अधिक काळ त्याचें थोडें थोडें चित्रण करून बी रुजण्यापासून वेल वाढण्यापर्यंतचा सारा प्रकार मिनिटाच्या सुमारास पडद्यावर दाखविला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून तें चित्र प्रसिद्ध आहे. तें पाहून भांडवल देणाराची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजीं लालबागेहून फार दूर नसलेल्या गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. आपल्या देशांतील ह्या आरंभींच्या छोट्या चित्राचा विषय शेतकीचाच होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस गोड वाटेल. पण तिच्यांतील मुद्दा निराळा आहे. फाळक्यांनीं हरिश्चंद्राची कथा एका मिनिटांत सांगण्याचा हव्यास धरला नाहीं. मिनिटाच्या चित्राकडून मिनिटाचें काम घेतलें व कथेसाठीं मोठा चित्रपट केला.

आतां अलीकडचा इतिहास. २०१३ सालीं निघालेल्या व्हाइन नामक अमेरिकन सोयींत सहा सेकंदांचेंच चित्र ठेवतां येई. ती २०१७ च्या आरंभीं बंद झाली. नंतर टिकटॉक ह्या चिनी अ‍ॅपनें आपल्याकडील खेडींपाडींही व्यापून टाकलीं. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें त्यासह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. ती जागा रिकामी होतांच जुलै २०२० मध्यें इन्स्टाग्रामनें भारतांत रील आणली आणि सप्टेंबरांत यूट्यूबनें शॉर्टचा प्रयोग भारतांतच आरंभिला. आरंभीं रीलची मर्यादा १५ सेकंदांची होती. पुढें दोहोंकडे मर्यादा वाढत गेली, व शॉर्ट ऑक्टोबर २०२४ पासून आणि रील जानेवारी २०२५ पासून ३ मिनिटांपर्यंत करतां येऊं लागली. सबब, कोणतें लहान व कोणतें मोठें ह्यावरून निवड करण्याचे दिवस गेले. आतां प्रश्न चार विचारावे : चित्र कोण पाहणार ? तें किती दिवस उपयोगी पडणार ? हवें तेव्हां शोधून सांपडणार कीं नाहीं ? आणि पाहणारा त्यापुढें कोठें जाणार ?

तीन साधनें, तीन कामें

ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें पाहतां रील ही दवंडी ठरते. कोतवाल दवंडी पिटतो तेव्हां ज्याच्याशीं काम आहे तोही ऐकतो आणि वाटेनें जाणारा परगांवचा पाहुणाही ऐकतो. रीलचें तसेंच आहे. आपली ज्याची ओळख नाहीं त्याच्यापुढेंही ती जाते. पाहणारा पहिल्या दोनचार क्षणांत थांबतो कीं बोट वर सरकवितो, ह्यावर ती पुढें किती जणांस दाखवावी हें तेथील यंत्रणा बऱ्याच अंशीं ठरविते. म्हणून रीलमध्यें जें सांगावयाचें तें आरंभींच सांगावें. परंतु दवंडी थांबली कीं गल्ली पुन्हां आपल्या कामास लागते. रील आपल्या खात्यावर राहते हें खरें. पण चार महिन्यांनीं संकेश्वरी मिरचीची माहिती शोधणारा तेथवर येईल हा भरंवसा धरूं नये.

व्हॉट्सअ‍ॅपचें स्टेटस हा चावडीवरील फलक होय. तो गांवच्या माणसासच दिसतो. ज्याच्याकडे आपला नंबर जपलेला आहे व ज्याचा नंबर आपण जपला आहे त्यासच सामान्यतः स्टेटस पाहतां येतें, आणि २४ तासांनीं तें आपोआप नाहींसें होतें. पुष्कळ लोक ह्यास कमीपणा समजतात. आमच्या मतें हाच त्याचा गुण आहे. “उद्यां सकाळीं हळद निघणार, मागणी आज रात्रींपर्यंत नोंदवावी,” हा मजकूर परवां दिसून उपयोग काय ? ओळखीच्या गिऱ्हाइकास ताज्या मालाची वर्दी देण्यास ह्याहून स्वस्त साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

यूट्यूब हें दप्तर आहे. तेथें लोक शोधीत येतात. मिरचीवरील चुरडामुरडा कसा ओळखावा, संकेश्वरी व ब्याडगींत भेद काय, मसाल्याची मिरची किती वाळवावी, असे शब्द घालून जो शोधतो त्यास दोन वर्षांपूर्वींचा व्हिडिओही सांपडतो. मात्र दप्तरास अनुक्रमणिका लागते. ‘आमची मिरची’ असें मोघम शीर्षक न देतां गांव, तालुका, वाण, हंगाम व साल हीं शीर्षकांतच घालावीं. यूट्यूबचा शॉर्ट हा दवंडी व दप्तर ह्यांच्यामधला प्रकार आहे. तो रीलप्रमाणें अनोळखी माणसापुढेंही जातो, आणि त्यास आपल्याच खात्यावरील मोठ्या व्हिडिओची जोड देतां येते. शॉर्टच्या वर्णनांत लिहिलेली बाहेरची लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबून उघडत नाहीं, हें लक्षांत ठेवून ही जोड अवश्य द्यावी. अर्ध्या मिनिटाच्या शॉर्टमध्यें मिरची मोडून दाखवावी आणि ती वाळविण्याची सगळी रीत मोठ्या व्हिडिओंत सांगावी, म्हणजे फाळक्यांची युक्ति साधली.

लालबागच्या राजाचें उदाहरण

तिन्ही साधनांची पारख एकाच वेळीं पाहावयाची असल्यास गणेशोत्सवांत लालबागेंत यावें. येथील बाजारांतील कोळी बांधव व व्यापारी ह्यांनीं १९३४ सालीं स्थापिलेल्या लालबागच्या राजाचें मुखदर्शन झालें कीं क्षणार्धांत त्याचीं उभीं चित्रें देशभर जातात. ही दवंडी. चाळींतला मनुष्य आपल्या गांवच्या मंडळींसाठीं तेंच चित्र स्टेटसवर ठेवतो. हा फलक. आणि मंडळाच्या यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणांत रांग, आरती, गर्दी सर्व कांहीं कापाकापी न करतां तासन्‌तास दिसतें. हें दप्तर.

२०२५ सालीं ह्यांतला भेद फार स्पष्ट झाला. ६ सप्टेंबरास अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघाली व ७ तारखेस सकाळीं मूर्ति गिरगांव चौपाटीस पोंचली. परंतु समुद्रास भरती आल्यामुळें ती तराफ्यावर चढविणें कठीण झालें आणि विसर्जनास रात्र झाली. ज्यांनीं केवळ कांहीं सेकंदांचीं चित्रें पाहिलीं त्यांस पाण्यांत खोळंबलेली मूर्ति दिसली, आणि ज्याच्या त्याच्या मनास येईल तसा त्याचा अर्थ लावला गेला. त्या दिवशीं पौर्णिमा होती, पौर्णिमेस भरती मोठी असते, पाणी ओसरल्यावांचून इलाज नव्हता, हें समजण्यास भरतीओहोटीचें पुरें गणित पाहावें लागतें. छोटें चित्र खोटें नव्हतें, अपुरें होतें. शेतमालाच्या कामीं हा फरक फार महाग पडतो.

एका घरचा अनुभव

आमच्या आप्तांपैकीं एक कुटुंब गडहिंग्लज तालुक्यांत संकेश्वरी मिरची करतें. एका वर्षीं चैत्र संपत आला तरी त्यांचा बराच माल घरांत होता. मिरचीचें दुखणें वाचकांस सांगावयास नको. मृगाची सर पडून हवा दमट झाली कीं पोत्यांतला माल ओल धरतो, रंग काळवंडतो व भाव बसतो. घरांत मोबाइल चालविणारी एक कॉलेजांतली मुलगी, आणि हातीं दीड महिना. तिनें आरंभीं रीली केल्या. सिनेमाचें गाणें लावून लाल मिरचीच्या राशीवरून मोबाइल फिरविला. हजारों लोकांनीं तें पाहिलें. फोनही आले, पण ते कोठून ? कोणी परप्रांतांतून पावशेर मिरचीचा भाव विचारी, कोणी स्वतःच्या रीलची जाहिरात करण्यास सांगे. बापाचा जीव टांगणीस लागला, आणि मुलगी रात्रीं जागून नवें गाणें शोधूं लागली.

आमच्याकडे विचारणा आली तेव्हां आम्हीं एवढेंच विचारलें कीं, तुमची मिरची वर्षानुवर्षें कोण खातें ? उत्तर सरळ होतें : मुंबईस व पुण्यास गेलेलीं त्यांचींच गांवकरी माणसें. मग रीलीचा नाद आवरला. मुलीनें गांवकऱ्यांचे नंबर गोळा केले. त्यांनीं आपल्याकडे हिचा नंबर जपावा म्हणून प्रत्येकास फोन केला आणि रोज सकाळीं स्टेटसवर एकच साधें चित्र ठेवूं लागली : त्या दिवशीं तोललेली मिरची, तोंडानें सांगितलेली तारीख व भाव. लालबागच्या एका चाळींतील चार बिऱ्हाडांनीं मिळून एक मागणी केली, तसें मग इतरांनींही केलें. माल एस्.टी.च्या पार्सलानें आला. सगळा माल अशा रीतीनें गेला असें मुळींच नाहीं. मोठा भाग नेहमीप्रमाणें गडहिंग्लजच्या बाजारांत लिलावास गेला. पण जेवढा घरून गेला तेवढ्याची अडत वांचली, आणि मुख्य म्हणजे पुढील वर्षासाठीं गिऱ्हाइकांची वही तयार झाली. त्या उन्हाळ्यांत तिनें मिरची वाळविण्यावर जो सविस्तर व्हिडिओ केला त्यास पाहणारे थोडेच मिळाले; परंतु जे पाहतात ते प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणारा तो गिऱ्हाईक होण्याचा संभव अधिक.

पाहणारांची संख्या म्हणजे उत्पन्न नव्हे

व्हिडिओ पाहिला गेला कीं पैसे मिळतात, असा एक भ्रम खेड्यांतून पसरला आहे. यूट्यूबनें शॉर्टवरील जाहिरातींच्या उत्पन्नाची वांटणी १ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू केली. ह्या वांट्यासाठीं केवळ शॉर्टच्या जोरावर पात्र व्हावयाचें तर १,००० वर्गणीदार व ९० दिवसांत १ कोटी वेळां पाहिलें जाणें ही अट आहे. आणि त्यानंतरही करणाऱ्याच्या नांवें पडलेल्या रकमेपैकीं ४५ टक्के त्यास मिळतात. कांद्यास पाणी द्यावयाचें सोडून ह्या कोटीच्या मागें लागणें शहाणपणाचें आहे काय, ह्याचा निवाडा वाचकांनींच करावा. शेतकऱ्यानें व्हिडिओची जमा पाहणारांच्या आंकड्यांत न मांडतां विकलेल्या किलोंत मांडावी. कोणत्या चित्रावरून किती फोन आले व त्यांपैकीं किती जणांनीं माल घेतला, हें वहींत लिहीत गेल्यास एकाच हंगामांत आपलें साधन कोणतें हें कळून येईल.

जें छोट्या चित्रांत मावत नाहीं

आतां पाहणाराच्या बाजूनें दोन शब्द. शेतकरी व्हिडिओ करतो त्याहून किती तरी अधिक पाहतो. नवें अवजार, पेरणीची नवी पद्धत ह्यांची नुसती ओळख करून घेण्यास रील बरी. पण औषधाचें प्रमाण, दोन औषधांचें मिश्रण, फवारणी व तोडणी ह्यांमधील दिवस, ह्या गोष्टी अर्ध्या मिनिटाच्या चित्रावरून कदापि उचलूं नयेत. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. त्यास व्हिडिओ कारण झाले असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मिश्रण, हवा, पिकाची उंची व अंगावरील संरक्षक कपडे ह्यांपैकीं एका गोष्टीची हयगय जिवावर कशी बेतते, तें त्या वर्षीं महाराष्ट्रानें पाहिलें. अशा कामीं डब्याबरोबरची चिठ्ठी, कृषि विद्यापीठाची शिफारस आणि सहायक कृषि अधिकाऱ्याचा सल्ला हेंच प्रमाण मानावें. ज्यास हें सर्व सांगण्यास वेळ नाहीं त्यानें त्यांतलें कांहींच सांगूं नये.

व्यवहारांतील सूचना

१. चित्र सकाळच्या उन्हांत व मोबाइल उभा धरून घ्यावें. रंग वाढविण्याची युक्ति वापरूं नये. माल हातीं पडल्यावर तीच आपल्यावर उलटते.

२. गांव, वाण, तारीख व वजन तोंडानें सांगावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच पिकाचा फोटो घेतो. पण गट नंबराशीं जोड झाल्यावांचून तो फोटो सातबाऱ्याच्या कामीं येत नाहीं. विक्रीच्या चित्रासही हाच न्याय लागू आहे.

३. मूठभर मिरची मोडून तिचा आवाज ऐकवावा, बी व देठ दाखवावे. सिनेमाचें गाणें लावूं नये. त्यांत मालकी हक्काची भानगड आहे, आणि मिरची मोडल्याचा आवाजही त्यांत बुडतो.

४. मूळ चित्र आपल्याजवळ राखावें व गिऱ्हाइकांचे नंबर कागदी वहींत उतरून घ्यावे. २०२० सालीं टिकटॉक एका रात्रींत बंद झालें तेव्हां ज्यांचें सर्व कांहीं तेथेंच होतें त्यांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडावें, पण चोपडी आपल्या घरीं ठेवावी.

५. एक मनुष्य व एक मोबाइल असेल त्यानें आरंभीं स्टेटस, मग सविस्तर व्हिडिओ, आणि सवड उरल्यास शॉर्ट व रील असा क्रम ठेवावा. नवी बाजारपेठ शोधावयाची असेल, किंवा आंबा-द्राक्षासारखा दूरवर जाणारा माल असेल, त्यानें हा क्रम उलटा करावा.

यंदाच्या हंगामांत ज्या सभासदांनीं ह्यांपैकीं कोणत्याही साधनानें माल विकला असेल, त्यांनीं मालाचें नांव व वजन, साधन, आलेले फोन, झालेली विक्री आणि त्यांत गेलेला वेळ, एवढी माहिती पोस्टानें आमच्या मासिकाकडे धाडावी. नुकसान झालें असल्यास तेंही संकोच न धरतां लिहावें. पुढील फाल्गुनांत मिरची बाजारांत येण्यापूर्वीं त्या नोंदी एकत्र करून सभासदांपुढें ठेवण्याचा विचार आहे.